फोटोत आहे तसंच

"काकांना कळायच्या आत पाटी होती तशी भिंतीवर असेल," नमिता म्हणाली. ऐकणाऱ्याने पाटी भिंतीवर लागलीच असं धरून चालावं, असा तिचा सूर होता.

ऐकणारी पारी होती, घरकामाला येणारी. तिच्या हातातल्या सुपलीत भुसा होता, आणि तो भुसा म्हणजेच पाटीचा मधला भाग होता.

"वाळवीनं पन काकांना कळू दिलं नाय," पारी म्हणाली. "मग तुमाला काय जड."

नमिताचा आत्मविश्वास उगाच नव्हता. धाटावच्या एका कंपनीत ती रसायनांची तपासणी करत असे, आणि तिने पास केलेला माल आजवर एकदाही परत आला नव्हता. घरातही तोच कारभार. वरणाला पाणी किती, हे ती खुणा केलेल्या भांड्याने ठरवायची. गॅसवर दूध ठेवून दुसऱ्या खोलीत जाणाऱ्या बायकांबद्दल तिला मनापासून वाईट वाटायचं. ताईंच्या घरात दूधसुद्धा विचारल्याबिगर उतू जात नाय, असं पारी सगळ्या वाडीत सांगून आली होती.

आता ही पाटी कसली, ते सांगायला हवं.

नमिताचे काका हैबतराव उभा जन्म लंडनला नोकरी करून म्हातारपणी आपल्या गावी, वरशाला, परतले होते. तिथल्या सरकारात कोर्टं आणि राज्यघटना यांची व्यवस्था पाहणारं एक खातं होतं, त्या खात्यात ते होते. खातं दोन हजार तीन साली निघालं. त्याआधी त्याच कामाला एक जुनीपुराणी कचेरी होती, आणि तिच्यावर शेकडो वर्षांचं एक मोठं पद होतं. नवं खातं काढताना ते जुनं पद रद्द केल्याचं जाहीर झालं. मग लक्षात आलं, की ते असं रातोरात रद्द होत नाही. तेव्हा एकाच माणसाकडे जुनं पदही ठेवलं आणि नवंही दिलं. पुढे चार वर्षांत काय झालं? पद टिकलं आणि खातंच गेलं!

काका हे कट्ट्यावर सांगत, तेव्हा लोकांना ती लंडनची गोष्ट वाटतच नसे. आपल्याच ग्रामपंचायतीचं कायतरी चाललंय, असं वाटे. इंग्रजांची राज्यघटना एका पुस्तकात लिहिलेलीच नाही, हे ऐकल्यावर शेजारच्या साईराजने विचारलं होतं, की मग एवढं खातं सांभाळत काय होतं? काका म्हणाले, "पुस्तक असतं तर एक कपाट पुरलं असतं. पुस्तक नाही म्हणून तर खातं लागलं."

स्वतः काकांकडे कोर्टाच्या इमारतींचं काम होतं. कुठल्या कोर्टात बाकं किती, कुठल्या जिन्याचा कठडा हलतोय, कुठे साक्षीदाराला बसायला नीट जागा नाही, ते पाहायचं. पण कोर्टाच्या खात्यात होते एवढ्यावर वरशाने त्यांना जज्जकाका करून टाकलं. पहिलं वर्षभर काकांनी सगळ्यांना समजावलं. नंतर दमले, आणि हाकेला ओ देऊ लागले.

खातं बंद झालं त्या आठवड्यात नव्या मंत्रालयाच्या नव्या पाट्या आल्या आणि जुनी लाकडी पाटी भंगारात निघाली. तेव्हा काकांच्या वरिष्ठ, डोरीनबाई, यांनी रीतसर परवानगी काढून ती काकांच्या हवाली केली. तुम्ही सांभाळा, मी एकदा बघायला येईन, असं म्हणाल्या. पाटी तीन हात रुंद. डावीकडे सिंह, उजवीकडे कपाळावर एकच शिंग असलेला घोडा, दोघेही मागच्या पायांवर उभे. त्यांच्या मध्ये ढाल, ढालीवर मुकुट, आणि खाली सोनेरी अक्षरांत खात्याचं नाव. तेव्हापासून डोरीनबाईंच्या नव्या वर्षाच्या कार्डात शेवटची ओळ ठरलेली असे: सिंह आणि घोडा कसे आहेत? काका दरवर्षी कळवत: मजेत.

यंदा डोरीनबाई खरोखरच निघाल्या. वय ऐंशीच्या घरात. केरळ बघायला चालल्या होत्या, पण त्याआधी दोन दिवस वरशाला राहणार होत्या. पाटी माडीवरच्या खोलीत होती, आणि गुडघ्यांमुळे काका बरेच दिवस माडीवर गेलेच नव्हते. नमिता पाहुण्यांची खोली आवरायला म्हणून वर गेली, तिने पाटीवर फडकं फिरवलं, आणि तिचं बोट सरळ ढालीच्या आत गेलं. वाळवीने सिंह सोडला होता, घोडा सोडला होता, अक्षरं सोडली होती. ढाल तेवढी आतून चाटून पुसून खाल्ली होती, जणू तिलाही मधल्या जागेचंच आकर्षण होतं!

दुसरं कुणी असतं तर काकांना जाऊन सांगून मोकळं झालं असतं. नमिताला ते शक्य नव्हतं. तिला बी. एस्सी. करायचं होतं तेव्हा वडील नको म्हणाले होते. मुलगी मुंबईला कशाला, नळ्या धुवायला? काकांनी लंडनहून फोन केला. तेव्हा फोन फक्त साईराजच्या आजोबांकडे. वडील सदरा घालून तिथे जात, काकांचं सगळं ऐकून घेत, नको म्हणत आणि घरी येत. पुढच्या रविवारी पुन्हा फोन. असे रविवारमागून रविवार गेले. शेवटी वडील इतके कंटाळले, की एका रविवारी सदराही न घालता गेले आणि हो म्हणून आले. नमिताची प्रयोगशाळा, तिचा पगार, तिचं स्वतःचं म्हणणं, हे सगळं त्या फोनांतून आलेलं होतं. त्या माणसाने आपल्या जुन्या मैत्रिणीसमोर मान खाली घालून वाळवी लागली म्हणून सांगायचं, ही कल्पनाच तिला सोसवेना.

रोह्याचा सुतार म्हणाला, नवीन ढाल करू, पण होळीनंतर. तेव्हा पारीने तोडगा काढला.

"पेनला न्या. तितं तुटलेला देव जोडतात, ही तर पाटी."

नमिताने पाटी चादरीत गुंडाळली आणि सकाळच्या गाडीने पेणला निघाली. डब्यात एकाने विचारलं, कॅरम का? कोर्टाचं आहे, असं ती म्हणाली. त्यावर कुणी पुढे विचारलं नाही, उलट सगळ्यांनी जरा सरकून जागा करून दिली.

काळुरामचा कारखाना माघी गणपतीच्या गडबडीत होता. पत्र्याखाली ओळीने मूर्ती बसलेल्या, काहींना रंग, काहींना नुसतंच पांढरं अंग. काळुरामची बायको सगुणा एका मूर्तीसमोर मांडी घालून डोळ्यांची आखणी करत होती. आखणी म्हणजे डोळे रंगवायचं काम, आणि ते चाललेलं असताना तिथे श्वाससुद्धा बेताने घ्यायचा असतो. काळुरामने पाटी उभी केली. सिंह पाहिला. घोडा पाहिला. मग मधल्या भोकात बोट घालून पाहिलं.

"वाहनं दोन," तो म्हणाला, "आनि देव कुटं गेला?"

नमिताने त्याला ढालीचं सगळं सांगितलं. काळुरामने मान हलवली, पण ती ऐकल्याची होती, पटल्याची नव्हती. आमी तोंडी धरत नाय, असं त्याने सांगितलं. गेल्या साली एका गिऱ्हाइकाने तोंडी उंदीर उजवीकडे सांगितला, मूर्ती न्यायला आल्यावर डावीकडे म्हणाला, आणि भर चतुर्थीला कारखान्यात भांडण झालं. तेव्हापासून नियम एकच: फोटो दाखवायचा. फोटोत हाय ते करायचं.

नमिताला हा माणूस तिथल्या तिथे आवडला. जगात सगळेच असे वागतील तर किती बरं, असं तिला वाटलं. आणि फोटो तिच्याकडे होताच. पाटी शाबूत असतानाचा तो एकमेव फोटो: लंडनच्या कचेरीत काका पाटीसमोर उभे आहेत. कोट, निळा टाय, चष्मा. फोटो काढणाऱ्याला थांब जरा म्हणायला उजवा हात थोडा वर आलेला. दोन्ही खांद्यांच्या बाजूंना सिंह आणि घोडा. हा फोटो वरशाच्या घरात कायम भिंतीवर होता. नमिताला तो तोंडपाठ होता.

"फोटोत आहे तसंच हवं," ती म्हणाली. "काही कमी नको, काही जास्त नको. मापंसुद्धा फोटोवरूनच काढा."

काळुरामने फोटो उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. मग सगुणाला बोलावून दाखवला.

"हे कोन?" सगुणाने विचारलं.

माझे काका, पाटी त्यांचीच, असं नमिताने सांगितलं.

"मानूस देवासारका दिसतो."

आता खरं तर नमिता मोजकं बोलणारी. पण हा विषयच असा होता, की ती उकिडवी बसली आणि रविवारचे फोन, वडिलांचा सदरा, मुंबईचं कॉलेज, सगळं सांगून गेली. माझ्यापुरते ते देवच, असंही म्हणाली. सगुणाने पदराने डोळे टिपले. काळुरामने फोटो कपाळाला लावून खिशात ठेवला.

"समाजलं, ताई," तो म्हणाला. "तुमी आता काळजी सोडा."

नमिताने काळजी सोडली.

दोन दिवसांनी कंपनीत ऐन तपासणीच्या वेळी काळुरामचा फोन आला. मुकुट टेकवायचा, की वर अधांतरी ठेवायचा? नमिताने काचेच्या नळीवरची नजर न हलवता सांगितलं, की फोटोत टेकलेला आहे, टेकवा. दुसऱ्या दिवशी सगुणाचा फोन. मिशा फोटोत निम्म्या पांढऱ्या दिसतात, तशाच ठेवू का? नमिताला सिंहाच्या मिशा कधी पांढऱ्या दिसल्या नव्हत्या. पण लाकूड जुनं, रंग उडाला असेल. फोटोप्रमाणेच ठेवा, असं ती म्हणाली. तिसरा फोन आला तो काच बसवायची का हे विचारायला, फोटोत हाय म्हणून. नमिताला वाटलं, पाटीवर काच बसवली तर धूळही बसणार नाही आणि वाळवीही लागणार नाही. किती पुढचा विचार करतो हा माणूस! बसवा, असं तिने आनंदाने सांगितलं.

जो एवढं विचारून करतो तो चुकत नाही, असं तिने संध्याकाळी पारीला ऐकवलं. पारी म्हणाली, मला तर जो जास्त इचारतो त्याचीच भीती वाटते.

पाटी शनिवारी मिळणार होती. पण रंग ओला राहिला. रविवारी सकाळी रोह्याकडे माघीच्या मूर्ती घेऊन गोरखचा टेंपो येणार होता, त्यात पाटी घालतो, आठ वाजता दारात पोचेल, असं काळुरामने कळवलं. डोरीनबाई अकराला यायच्या होत्या. हिशोब बसत होता.

माघीच्या मूर्ती घेऊन निघालेला टेंपो वेळेवर पोचत नसतो, हे मात्र नमिताच्या हिशोबात नव्हतं. प्रत्येक नाक्यावर कुठल्या ना कुठल्या मंडळाचे लोक ढोल घेऊन उभे असतात, आपला गणपती ओळखेपर्यंत सगळ्यांसमोर ढोल वाजवतात. आठ वाजले, नऊ वाजले. अकराऐवजी साडेनवालाच दारात मोटार थांबली आणि तीतून डोरीनबाई उतरल्या. उंच, सडसडीत, हातात काठी, डोक्यावर गवती टोपी. काकांनी ओसरीवर उठून उभं राहायचा प्रयत्न केला. बाईंनी दोन्ही हातांनी त्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं, आणि चहाचा पहिला घोट घ्यायच्या आधीच विचारलं, की सिंह आणि घोडा कुठे आहेत?

"नमिता, यांना माडीवर घेऊन जा," काका म्हणाले.

नमिता आयुष्यात खोटं बोलली नव्हती. त्यामुळे तिला ते येत नव्हतं. जिना ओला आहे, असं ती म्हणाली. मग पोहे आले. पेणचे पापड आले. जिना अजून ओलाच होता. मग लाडू आले. बाईंनी पुन्हा माडीकडे पाहिलं तेव्हा जिना दुसऱ्यांदा धुवायला लागला. कोरड्या जिन्यावर पारी रिकामी बादली घेऊन उभी राहिली आणि मधून मधून ती आपटत राहिली. असला जिना लंडनच्या एकाही कोर्टात पाहिला नाही, असं काका इंग्रजीत म्हणाले आणि बाई हसल्या.

तेवढ्यात ढोल ऐकू आले.

झालं होतं असं. वरशाच्या मंडळाचा गणपती त्याच टेंपोत होता, आणि साईराज आपल्या पोरांना घेऊन नाक्यावर उभा होता. टेंपो आला. गोरखने खाली उतरून आधी जज्जकाकांचं घर विचारलं, कारण त्यांचीही एक मूर्ती होती. साईराजला नवल वाटलं. काकांकडे माघी गणपती? कधी बसवला नव्हता. नवस असणार. आणि म्हातारा माणूस, घरात वाजवायला कोण आहे? आधी काकांचा पोचवू, मग आपला नेऊ, असं साईराजने ठरवलं. शेजारधर्म होता तो. त्यासाठी त्याने स्वतःचा गणपती टेंपोतच थांबवला.

मिरवणूक दारात आली. पुढे ढोल, मागे टेंपो, आजूबाजूच्या घरांतून बायका ओवाळायला ताटं घेऊन निघालेल्या. हे स्वागत आपलंच आहे असं समजून डोरीनबाई उभ्या राहिल्या आणि टोपी काढून सगळ्यांना हात हलवू लागल्या. काका म्हणाले, मला तर परत आलो तेव्हा रिक्षाही मिळाली नव्हती.

चौघांनी टेंपोतून एक भलं मोठं धूड उचललं. वर कापड होतं, कारण मूर्तीचा चेहरा घरी पोचेपर्यंत झाकतात. नमिताने पाहिलं आणि तिला पहिली शंका आली. पाटी सपाट होती. हे सपाट नव्हतं.

"साईराज," ती हळूच म्हणाली, "मागच्या दाराने वर माडीवर घेऊन जा."

"देव मागच्या दारानं?" साईराज म्हणाला. "ताई, तुमी शिकलेल्या ना."

ओसरीवर पाट मांडला गेला. धूड पाटावर बसलं. आता कापड घरातल्या वडीलधाऱ्याने काढायचं. काकांना आपल्या घरी काय आलंय हेच कळत नव्हतं, पण इतक्या लोकांसमोर विचारणंही बरं दिसेना. तो मान त्यांनी पाहुण्यांना दिला. डोरीनबाईंनी काठी भिंतीला टेकवली, दोन्ही हातांनी कापड धरलं, आणि ओढलं.

ढोल थांबले. मागचा एक तेवढा चालू राहिला, कारण त्याला दिसत नव्हतं. मग तोही थांबला.

सिंह झळाळत होता. घोड्याचं शिंग सोन्यासारखं चमकत होतं. आणि त्यांच्या मध्ये, जिथे ढाल असायची तिथे, कमरेपर्यंत हैबतराव बसले होते. कोट, निळा टाय, निम्म्या पांढऱ्या मिशा, डोळ्यांवर खऱ्या काचेचा चष्मा. उजवा हात आशीर्वादासाठी वर. डोक्यावर मुकुट, व्यवस्थित टेकवलेला. आणि डोळे असे, की ओसरीवरचे खरे काका खोकले तेव्हा चारपाच जणांनी मूर्तीकडे पाहिलं.

"अगो बाय," पारी जिन्यावरून म्हणाली. "ह्ये तर आपलं काकाच."

एका म्हातारीने सवयीने हात जोडले, मग समोरचे काका पाहिले आणि पटकन सोडले.

फोटो मूर्तीच्या तळाशी कागदात गुंडाळून पाठवलेला होता. नमिताने तो उघडला आणि पहिल्यांदाच नीट पाहिला. फोटोत ढाल नव्हती. काकांचं डोकं बरोबर ढालीच्या जागी होतं, आणि मुकुट बरोबर काकांच्या डोक्यावर टेकला होता. इतकी वर्षं तिने त्या फोटोत ढाल पाहिली ती केवळ तिथे ती असणार म्हणून! काळुरामने मात्र फोटोत होतं तेच पाहिलं. कमी नाही, जास्त नाही.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. नमिताने एका दमात सगळं सांगितलं: वाळवी, भुसा, पेण, तीन फोन, आणि जिना सकाळपासून कोरडाच आहे. ती मराठीत सांगत होती, काका इंग्रजीत करत होते. वाळवीपाशी आल्यावर मात्र काकांचा आवाज खाली गेला. त्यांनी कुणाकडे न बघता बाईंना सांगितलं, की तुम्ही सांभाळायला दिली होती, माझ्याकडून सांभाळली गेली नाही.

नमिताला वाटलं, नळी हातातून सुटली आहे आणि फुटल्याचा आवाज यायचा तेवढा बाकी आहे.

डोरीनबाईंनी सिंहाच्या नाकावरून बोट फिरवलं. घोड्याचं शिंग धरून पाहिलं. मग त्या पायरीवर बसल्या आणि हसू लागल्या. असं हसणं वरशाने ऐकलं नव्हतं. टोपी गडगडत अंगणात गेली. हसू आवरल्यावर त्या जे म्हणाल्या ते काकांना मराठीत सांगवेना, तेव्हा नमितानेच सांगितलं. बाई म्हणत होत्या, की आमच्या खात्यात मध्ये नक्की कोण बसतं, यावर आम्ही चार वर्षं वाद घातला. पेणच्या माणसाने ते आठवड्यात ठरवलं.

मग त्या थांबल्या, आणि जरा वेगळ्या आवाजात पुढे बोलल्या. पाटी बघायला येईन म्हणाले होते, पण मी पाटीसाठी आलेले नाही. खातं बंद झालं त्या संध्याकाळी सगळे आपापली खोकी घेऊन निघून गेले. कुणी कुणाचे आभार मानले नाहीत. मी जिन्यात बसून रडत होते. तेव्हा हा माणूस दोन कप चहा घेऊन आला आणि माझ्याशेजारी बसला. काय झालं म्हणून त्याने विचारलंसुद्धा नाही. मी तेव्हा थँक यू म्हणायची राहून गेले. तेवढ्यासाठी आले.

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. बराच वेळ पुसला. मग मूर्तीकडे पाहून नमिताला म्हणाले, "सुंदर झालंय गं. मला असं कुणी घडवेल असं वाटलं नव्हतं. तो मुकुट तेवढा निघतो का, बघ."

"मी विचारते त्यांना," नमिता म्हणाली, आणि तिला हुंदका फुटला. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा मूर्तीचाही हात नेमका तसाच वर होता, आणि पारीला एवढ्यातही हसू आलं.

गोरख निघता निघता परत फिरला. एक राहिलंच म्हणाला. त्याने टेंपोतून लाल कापडात बांधलेलं एक गाठोडं आणून दिलं. आत जुन्या ढालीचे उरलेसुरले तुकडे होते. काळुरामचा निरोप होता, की बसवलेल्या वस्तूचं जुनं लाकूड आमी कचऱ्यात टाकत नाय, पान्यात सोडायचं असतं, ते घरच्यांनीच सोडावं.

हे काय आहे, असं बाईंनी विचारलं. काकांनी सांगितलं. आमच्याकडे देव वाजतगाजत आणतात, त्याची चार दिवस सेवा करतात, आणि मग तसंच वाजतगाजत पाण्यात पोचवतात. डोरीनबाई गाठोड्याकडे पाहत राहिल्या. आमच्या खात्याला असा निरोप मिळाला असता तर, असं काहीसं त्या म्हणाल्या.

साईराजने नमिताकडून अर्थ समजून घेतला.

"मंग अडलंय कुटं?" तो म्हणाला. "ढोल तर हायेतच."

आधी मंडळाचा गणपती मंडपात बसला, त्या बिचाऱ्याचा फार वेळ खोळंबा झाला होता. मग सगळी मंडळी कुंडलिका नदीच्या घाटावर निघाली. काका गोरखच्या शेजारी टेंपोत पुढे बसले. मांडीवर गाठोडं घेऊन डोरीनबाई त्यांच्या शेजारी. नमिताने आधी प्रत्येक तुकडा उलटून पाहिला होता, कुठे रंगाचा कण नाही, नुसतं लाकूड आहे, अशी खात्री केली होती, आणि मगच परवानगी दिली होती. पारी म्हणाली, आता तरी सुदराल.

घाटावर बाईंनी बूट काढले, पायरीवर उतरल्या आणि गाठोडं सोडून तुकडे पाण्यात सोडले. ते बुडाले नाहीत. जरा वेळ तिथेच घुटमळले, मग एकामागून एक प्रवाहाला लागले. काकांनी काठावरून हात जोडले. नमिताही जोडून उभी होती. तिला कुणाकुणाचे आभार मानायचे होते, आणि त्यांत काळुराम पहिला होता. साईराजने आरोळी दिली, लंडनच्या खात्याचा! पोरांनी विजय असो म्हटलं. आणि मग ढोलाच्या ठेक्यावर, ओठांवर बसलेलंच होतं ते, सगळ्या घाटाने एका सुरात म्हटलं, पुढच्या वर्षी लवकर या! डोरीनबाईंना अर्थ कळला नव्हता, पण ठेका कळला होता. त्या सगळ्यांत मोठ्याने म्हणत होत्या.

आतापर्यंत डोळे मिटून उभे असलेले काका दचकून जागे झाले.

"तेवढं म्हणू नका रे," ते साईराजचा दंड धरून म्हणाले. "ते खरंच आलं, तर मला कामावर जावं लागेल."